माझगावचा तुटणारा धागा: सरकारी मागणी आणि भारतीय जहाजबांधणी

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत एकाच समारंभात तीन नौका भारतीय नौदलात दाखल झाल्या. 'सूरत' ही विनाशिका, 'निलगिरी' ही फ्रिगेट आणि 'वाघशीर' ही पाणबुडी. तिन्ही माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या. विनाशिका, फ्रिगेट आणि पाणबुडी असे तीन अगदी वेगळे प्रकार एकाच गोदीतून बाहेर पडावेत, अशी उदाहरणे जगात मोजकीच आहेत. त्या दिवशीची छायाचित्रे परदेशातील मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरली आणि त्यामागचा अभिमान अगदी रास्त होता.

छायाचित्रांत न दिसणारी गोष्ट मात्र वेगळी होती. 'निलगिरी' ही नव्या मालिकेतील पहिली नौका, तिच्या पाठच्या बहिणी तेव्हा गोदीत आकार घेत होत्या. 'वाघशीर' ही तिच्या मालिकेतील सहावी आणि शेवटची. तिच्यामागे बांधायला घेतलेली एकही नवी पाणबुडी माझगावात नव्हती. सत्कार ज्या कौशल्याचा चालला होता, त्याच कौशल्याला पुढे काम कोणते, या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी कोणाकडेही नव्हते.

सरकारने देशातच जहाजे बांधून घेतली की उद्योगाला चालना मिळते, रोजगार वाढतो, परकीय चलन वाचते, असे सर्रास म्हटले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. फायदा किती होतो आणि तो टिकतो की नाही, हे मागणीच्या रकमेइतकेच तिच्या वेळापत्रकावर ठरते. हे समजून घेण्यासाठी माझगावइतके बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही. या एकाच गोदीत सरकारी मागणीचे सर्वांत चांगले आणि सर्वांत वाईट असे दोन्ही परिणाम काही शे मीटरांच्या अंतरावर पाहायला मिळतात.

एकच गिऱ्हाईक

मोटार किंवा औषध बनवणाऱ्या कारखान्याला हजारो ग्राहक असतात. युद्धनौकेला ग्राहक एकच, आपले सरकार. निर्यात होते, पण तीही बहुधा आपल्या नौदलाने आधी तीच नौका घेतली असेल तरच. शिवाय हे गिऱ्हाईक दुकानात येऊन तयार माल उचलत नाही. आराखडा ठरण्यापासून नौका समुद्रात जाईपर्यंत दहा-दहा वर्षे जातात आणि त्या काळात गोदीतले हजारो लोक, शेकडो पुरवठादार आणि कोट्यवधींची यंत्रे त्या एका सहीच्या भरवशावर उभी असतात. म्हणून संरक्षण मंत्रालयाचा खरेदी विभाग नकळत उद्योगमंत्रालयाचेही काम करतो. त्याने मागणी दिली की गोदी वाढते आणि फाईल अडली की गोदी आक्रसते.

माझगावच्या कोरड्या गोदीचा इतिहास १७७४ पर्यंत मागे जातो. १९३४ मध्ये तिची खासगी कंपनी झाली. मुख्य काम मुंबई बंदरात येणाऱ्या आगबोटींच्या दुरुस्तीचे. १९६० मध्ये भारत सरकारने ती विकत घेतली, तेव्हा कृष्ण मेनन संरक्षणमंत्री होते. गोव्याच्या मुक्तीनंतर पोर्तुगीजांनी वास्कोला उभारलेली गोदीही काही वर्षे माझगावकडेच भाडेपट्ट्याने होती. तीच आजची गोवा शिपयार्ड. दुरुस्ती करणाऱ्या गोदीला युद्धनौका बांधायला सांगणे हा त्या काळी मोठाच जुगार होता. सरकारने तो खेळला आणि, हे महत्त्वाचे, एका डावावर सोडून दिला नाही.

'निलगिरी'पासून 'सूरत'पर्यंत

पहिली फ्रिगेट 'निलगिरी' १९७२ मध्ये नौदलात आली. आराखडा ब्रिटिश 'लिअँडर' वर्गाचा, मदत व्हिकर्स आणि यारो या ब्रिटिश कंपन्यांची. मात्र मागणी एका नौकेची नव्हती. 'हिमगिरी', 'उदयगिरी', 'दुनागिरी', 'तारागिरी', 'विंध्यगिरी' अशा एकूण सहा नौका १९८१ पर्यंत एकामागून एक उतरल्या. प्रत्येक नौकेत देशी सामग्रीचे प्रमाण वाढत गेले. शेवटच्या दोन नौकांमध्ये तर भारतीय आराखडाकारांनी मूळ ब्रिटिश रचनेत मोठे फेरफार करून त्यांवर सी-किंग हे अवजड हेलिकॉप्टर उतरेल अशी सोय केली. ब्रिटिश 'लिअँडर'वर बसत होते ते त्याहून बरेच लहान हेलिकॉप्टर. नक्कल करता करता शिष्याने गुरूच्या वहीत दुरुस्ती केली, असेच म्हणायला हवे.

त्या अनुभवातून पुढची पायरी आली 'गोदावरी' वर्गाची. १९८३ मध्ये दाखल झालेल्या या नौकेचा आराखडा भारतीय नौदलाच्या स्वतःच्या आराखडा विभागाचा होता, आणि सोव्हिएत, पाश्चात्त्य व भारतीय शस्त्रसामग्री एकाच जहाजावर नांदवण्याचे अवघड गणित त्यात सोडवले होते. तिच्यानंतर 'दिल्ली' वर्गाच्या तीन विनाशिका, मग 'शिवालिक' वर्गाच्या तीन फ्रिगेट, 'कोलकाता' वर्गाच्या तीन विनाशिका आणि 'विशाखापट्टणम' वर्गाच्या चार. पृष्ठभागावरील युद्धनौकांची ही साखळी रेंगाळली, रखडली, पण पूर्ण तुटली कधीच नाही.

याचा परिणाम आकड्यांत मोजता येतो. 'कोलकाता'चा कणा सप्टेंबर २००३ मध्ये बसवला गेला आणि ती ऑगस्ट २०१४ मध्ये नौदलात आली, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षे. 'विशाखापट्टणम'ला आठ वर्षे लागली (ऑक्टोबर २०१३ ते नोव्हेंबर २०२१). गोव्याच्या बंदराचे नाव धारण करणाऱ्या 'मुरगाव'ला साडेसात, 'इंफाळ'ला साडेसहा. 'सूरत'चा कणा नोव्हेंबर २०१९ मध्ये बसला, मधे करोनाची साथ येऊन गेली, तरीही डिसेंबर २०२४ मध्ये ती नौदलाच्या हवाली झाली. पाच वर्षे. जलावतरणानंतर तर अवघे ३१ महिने.

हे सारे श्रेय केवळ सरावाचे नाही. 'कोलकाता'च्या वेळी इस्रायलबरोबर विकसित होत असलेल्या बराक-८ क्षेपणास्त्राची वाट पाहण्यात बराच काळ गेला. 'सूरत'च्या वेळी ते तयार होते. शिवाय माझगावने मधल्या काळात तीनशे टनी गोलिएथ क्रेन आणि खंडशः बांधणीची कार्यशाळा उभारली, ज्यामुळे जहाजाचे मोठे तुकडे आधी नळ-तारांसह तयार करून मग जोडता येऊ लागले. पण ही क्रेन तरी कोणत्या हिशेबावर उभारली गेली? पुढची दहा-पंधरा वर्षे काम आहे, या खात्रीवर. खात्री नसती तर एवढा खर्च कोणीही अंगावर घेतला नसता. दीर्घ मागणीचा पहिला फायदा हाच, की ती गोदीला स्वतःमध्ये पैसा घालण्याचे धैर्य देते.

पाणबुड्यांची गोष्ट

आता याच आवारातील दुसरी बाजू. ११ डिसेंबर १९८१ रोजी भारताने पश्चिम जर्मनीतील कील येथील एचडीडब्ल्यू कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार केला. दोन तिकडे बांधायच्या आणि दोन माझगावात. जर्मनीत बांधलेल्या 'शिशुमार' आणि 'शंकुश' १९८६ मध्ये नौदलात दाखल झाल्या. माझगावात बांधलेली 'शाल्की' फेब्रुवारी १९९२ मध्ये आणि 'शंकुल' मे १९९४ मध्ये दाखल झाली. पाणबुडी बांधू शकणाऱ्या मूठभर देशांत भारताचे नाव लागले. आणखी दोन पाणबुड्यांचा पर्याय करारात होता. परंतु १९८७ मध्ये या व्यवहारात दलाली दिली गेल्याचे आरोप झाले, राजकीय वादळ उठले आणि पर्याय तसाच बासनात गेला.

'शंकुल' बाहेर पडली आणि विभागातील काम थांबले. पुढचा करार, फ्रेंच 'स्कॉर्पिन' जातीच्या सहा पाणबुड्यांचा, झाला ऑक्टोबर २००५ मध्ये. पहिले पोलाद कापले गेले डिसेंबर २००६ मध्ये. म्हणजे मधे बारा वर्षे. बारा वर्षांत काय हरवते, हे समजण्यासाठी पाणबुडीच्या कवचाकडे जरा जवळून पाहावे लागते.

समुद्रात तीनशे मीटर खोलीवर पाण्याचा दाब इतका असतो की कवचाच्या दर चौरस मीटरवर सुमारे तीनशे टनांचा भार येतो. कवच असते विशेष पोलादाचे. त्याची वर्तुळाकार कडी एकमेकांना जोडून नळकांडे तयार होते, आणि त्या जोडांपैकी एकातही केसाएवढी भेग राहून चालत नाही. हे पोलाद जोडण्याआधी ठरावीक तापमानापर्यंत तापवावे लागते, नाहीतर जोडात शिरलेला हायड्रोजन थंड झाल्यावर, कधीकधी दोन दिवसांनी, आतून तडा देतो. प्रत्येक जोड क्ष-किरणांनी आणि ध्वनिलहरींनी तपासला जातो. नापास झाला तर खरवडून पुन्हा जोडायचा, आणि तोही मर्यादित वेळाच, कारण वारंवार तापलेले पोलाद आपला गुण गमावते. वेल्डरच्या कसोटीच्या आंतरराष्ट्रीय मानकात एक साधी अट आहे. त्या प्रकारचे काम तो करत असल्याची नोंद दर सहा महिन्यांनी झाली पाहिजे, अन्यथा त्याचे प्रमाणपत्र संपते. बारा वर्षे म्हणजे असे चोवीस कालखंड.

काही जण निवृत्त झाले, काही जण दुसऱ्या विभागांत गेले. हातातली कला कागदावर उतरवून ठेवता येत नाही. करवतीचा आवाज ऐकून सुताराला लाकूड कापले जाताना कळावे, तसे वितळलेल्या धातूच्या डबक्याकडे पाहून अनुभवी वेल्डरला पुढचा इंच कसा जाईल हे कळते. ते तो शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ मुलाला दाखवतो. शेजारी शिकाऊ मुलगाच नसेल तर दाखवणार कोणाला? 'स्कॉर्पिन'साठी माझगावला जवळजवळ शून्यापासून सुरुवात करावी लागली. आराखडा वेगळा, पोलाद वेगळे, शिक्षक फ्रेंच. पहिली पाणबुडी 'कलवरी' मूळ वेळापत्रकानुसार २०१२ मध्ये यायची होती. ती आली डिसेंबर २०१७ मध्ये. प्रकल्पाची किंमतही सुधारून सुमारे २३,५०० कोटी रुपयांवर गेली.

आणि मग, हातात कसब आल्यावर, पुढच्या पाणबुड्या कशा निघाल्या पाहा. सप्टेंबर २०१९ मध्ये 'खांदेरी' (थळच्या समुद्रात शिवाजी महाराजांनी उभारलेल्या जलदुर्गाचे हे नाव), मार्च २०२१ मध्ये 'करंज', त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'वेला', जानेवारी २०२३ मध्ये 'वागीर', जानेवारी २०२५ मध्ये 'वाघशीर'. गोदी पुन्हा शिकली. शिकण्याची फी देशाने दोनदा भरली.

या काळात योजना नव्हती असे नाही. १९९९ मध्येच मंत्रिमंडळाने तीस वर्षांत २४ पाणबुड्या बांधण्याचा आराखडा मंजूर केला होता, आणि त्यात बांधणीच्या दोन समांतर रांगा गृहीत होत्या. त्यातील सव्वीस वर्षे उलटून गेली, तेव्हा 'स्कॉर्पिन'च्या सहा पाणबुड्याच हाताशी होत्या. मंजूर आराखड्यावर वेल्डरचा पगार निघत नाही, तो करारावर निघतो.

बॅरोमध्येही हेच घडले

हा केवळ भारतीय सरकारी ढिलाईचा नमुना आहे, असे समजण्याचे कारण नाही. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील बॅरो-इन-फर्नेस हे गाव ब्रिटनच्या अणुपाणबुड्यांचे माहेर. एकेकाळी ही गोदी त्याच व्हिकर्सची होती, जिने 'निलगिरी'साठी हात दिला होता. शीतयुद्ध संपले, 'व्हॅनगार्ड' वर्गाच्या चार पाणबुड्यांचे काम सरत आले आणि नवी मागणी लांबत गेली. नव्वदच्या दशकाच्या आरंभी तिथे सुमारे १३,००० लोक कामाला होते. दशक संपून नवे उजाडेपर्यंत ते तीन हजारांच्या घरात आले.

मग 'अ‍ॅस्टूट' वर्गाचे काम हाती घेतले गेले, तेव्हा आराखडाकार आणि अनुभवी पर्यवेक्षक यांचाच तुटवडा निघाला. काम इतके फसले की अमेरिकेतील इलेक्ट्रिक बोट या गोदीतून तज्ज्ञ आणावे लागले. २००३ मध्ये ब्रिटिश सरकारला करारात ४३ कोटी पौंडांची भर घालावी लागली आणि कंपनीने २५ कोटींचा तोटा सोसला. 'अ‍ॅस्टूट' दाखल झाली २०१० मध्ये, ठरल्यापेक्षा कित्येक वर्षे उशिरा. ज्या देशाने १९६० च्या दशकापासून अणुपाणबुड्या बांधल्या, त्याची ही अवस्था. त्यानंतर 'अ‍ॅस्टूट'ची मालिका संपण्यापूर्वीच 'ड्रेडनॉट' वर्गाचे पोलाद कापायला घेतले गेले, त्यामागे हाच धडा होता.

पैसा कुठे जातो

जहाज म्हणजे नुसते पोलाद नव्हे. भारतीय नौदल युद्धनौकेचे तीन भाग करून हिशेब मांडते. तरंगण्यासाठी लागणारे, चालण्यासाठी लागणारे आणि लढण्यासाठी लागणारे. पहिल्या भागात देशी सामग्रीचे प्रमाण ढोबळमानाने नव्वद टक्के, दुसऱ्यात साठ आणि तिसऱ्यात पन्नासच्या आसपास पोहोचले आहे. किंमत मात्र याच्या उलट्या क्रमाने चढते. सांगाडा स्वस्त, इंजिन महाग, क्षेपणास्त्रे आणि रडार त्याहून महाग. म्हणून एखाद्या नौकेत पंचाहत्तर टक्के देशी सामग्री असल्याचे वाचले की उरलेल्या पंचवीसमध्ये काय आहे, हे विचारणे केव्हाही शहाणपणाचे. 'विशाखापट्टणम' वर्गाची वायुजनित्रे युक्रेनमधील झोर्या-माशप्रोएक्तची आहेत. २०२२ मध्ये तिथे युद्ध पेटले तेव्हा या उरलेल्या पंचवीस टक्क्यांचा अर्थ अनेकांच्या ध्यानात आला.

पहिल्या भागात नव्वद टक्के कसे गाठले गेले, याची कथा सांगण्यासारखी आहे. युद्धनौकांचे विशेष पोलाद भारत रशियाकडून घेत असे. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तो पुरवठा बेभरवशाचा झाला, किमती वाढल्या, गोद्या खोळंबल्या. तेव्हा हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने डीएमआर-२४९ ही पोलादाची जात विकसित केली आणि सरकारी मालकीच्या 'सेल'ने ती मोठ्या प्रमाणावर ओतायला घेतली. पण पोलाद कारखाना अशा विशेष जातीसाठी आपली भट्टी वळवतो कधी? जेव्हा काहीशे नव्हे, हजारो टनांची मागणी समोर असते तेव्हा. ती मागणी दिली कोचीत बांधल्या गेलेल्या विमानवाहू 'विक्रांत'ने. तिच्यासाठी 'सेल'ने सुमारे ३०,००० टन विशेष पोलाद पुरवले. 'विक्रांत' सप्टेंबर २०२२ मध्ये दाखल झाली. तिचे पोलाद मात्र त्याआधीच इतर नौकांमध्येही वापरले जाऊ लागले होते. एका जहाजाच्या मागणीतून साऱ्या गोद्यांसाठी पोलाद उभे राहिले. हिशेबाच्या वहीत हा फायदा 'विक्रांत'च्या नावे कुठेच दिसत नाही.

रोजगाराबाबत सरकारी कागदपत्रांत एक आकडा नेहमी येतो. गोदीत एक नोकरी निर्माण झाली तर बाहेर ६.४ निर्माण होतात. असे गुणक जपूनच वापरावेत. पंप, झडपा, केबल, रंग, वातानुकूलन पुरवणाऱ्या लहान-मोठ्या उद्योगांना काम मिळते, हे निर्विवाद. परंतु तेच पैसे रेल्वे किंवा रुग्णालयांवर खर्च केले असते तर तिथेही रोजगार निर्माण झालाच असता. जहाजबांधणीचा खास फायदा संख्येत नसून दर्जात आहे. नौदलासाठी झडप बनवणाऱ्या छोट्या कारखान्याला जी तपासणी सोसावी लागते, ती एकदा पार केली की तोच कारखाना तेलशुद्धीकरण प्रकल्पाला आणि अणुवीज केंद्रालाही माल देऊ शकतो.

या सगळ्याची किंमत

देशी बांधणी फुकट नसते, आणि बहुधा स्वस्तही नसते. 'कोलकाता' वर्गाच्या तीन विनाशिकांची मूळ मंजुरी ३,५८० कोटी रुपयांची होती; महालेखापालांच्या अहवालानुसार ती ११,६६२ कोटींवर गेली. स्पर्धा नसलेल्या सरकारी गोदीला थेट काम देण्याच्या पद्धतीत खर्च आटोक्यात ठेवण्याची निकड कमी असते, हा आक्षेप खरा आहे. उलट सर्वांत कमी दराची निविदा हा एकमेव निकष ठेवला तर दुसरे संकट येते. खासगी गोद्या काम मिळवण्यासाठी न परवडणारे दर लावतात आणि अर्ध्यात कोसळतात. त्यांच्याकडे व्यापारी जहाजांची मागणी असते तोवर तग धरतात. भारतात २००७ मध्ये जहाजबांधणीचे अनुदान बंद झाले, २००८ मध्ये जागतिक मंदी आली आणि ती मागणीही आटली. रत्नागिरीपासून दाभोळपर्यंत गोद्या असलेली भारती शिपयार्ड कर्जाच्या डोंगराखाली २०१९ मध्ये विसर्जनात गेली. कोकणातल्या पोरांना घराजवळ मिळणारी वेल्डर-फिटरची कामेही तिच्याबरोबर गेली.

या दोन टोकांमध्ये मार्ग काढण्याचा सर्वांत पद्धतशीर प्रयत्न कॅनडाने केला. तिथेही आधी दुष्काळ पडला होता. बारापैकी नऊ 'हॅलिफॅक्स' फ्रिगेट बांधणारी सेंट जॉनची गोदी काम संपल्यावर ओस पडली आणि २००३ मध्ये कायमची बंद झाली. २०१० मध्ये तेथील सरकारने ठरवले की एकेका जहाजासाठी निविदा काढायची नाही, तर गोद्या निवडायच्या आणि त्यांना दशकांचे काम द्यायचे. २०११ मध्ये लढाऊ जहाजांसाठी हॅलिफॅक्सची अर्व्हिंग आणि इतर जहाजांसाठी व्हँकूवरची सीस्पॅन निवडली गेली. क्वेबेकची डेव्ही २०२३ मध्ये तिसरी म्हणून आली. गोद्यांनी कराराच्या रकमेचा अर्धा टक्का देशाच्या सागरी क्षेत्रात, म्हणजे प्रशिक्षण, संशोधन आणि पुरवठादारांमध्ये, गुंतवण्याची अटही त्यांच्यावर आहे.

फळ संमिश्र आहे. दोन्ही किनाऱ्यांवर ओस पडलेला उद्योग पुन्हा उभा राहिला. पहिली बर्फाळ समुद्रातील गस्ती नौका 'हॅरी डिवुल्फ' २०२० मध्ये हवाली झाली आणि पुढच्याच वर्षी तिने वायव्य मार्गाने जाऊन उत्तर अमेरिकेला प्रदक्षिणा घातली. पण उशीर इतका, की २०२१ मध्ये महालेखापालांनी या धोरणावर ताशेरे ओढले. पंधरा नव्या युद्धनौकांचा खर्च २००८ मध्ये २६ अब्ज डॉलरच्या आसपास धरला होता. २०२२ मध्ये तेथील संसदीय अंदाजपत्रक अधिकाऱ्याने तो ८४.५ अब्ज डॉलरवर नेला. सलग मागणी हा रामबाण नाही. ती शिकण्याची संधी देते, शिकल्याचा पुरावा मागण्याचे काम सरकारलाच करावे लागते.

भारतात गेल्या काही वर्षांत मधली वाट दिसू लागली आहे. 'निलगिरी' वर्गाच्या सात फ्रिगेट माझगाव (चार) आणि कोलकात्याची गार्डन रीच (तीन) यांत वाटल्या गेल्या. मार्च २०२३ मध्ये ११ गस्ती नौकांचे काम असेच गोवा शिपयार्ड (सात) आणि गार्डन रीच (चार) यांच्यात विभागले. दोन गोद्या एकच आराखडा बांधतात तेव्हा सरकारला तुलना करायला आरसा मिळतो, आणि एकीचा दम तुटला तर दुसरी उभी असते. व्यापारी जहाजांसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ६९,७२५ कोटी रुपयांची योजनाही मंजूर केली. जगातील जहाजबांधणीत भारताचा वाटा एक टक्काही नाही, हे पाहता ती उशिरानेच आली. मात्र युद्धनौका बांधणारी गोदी आपोआप मालवाहू जहाजांत चीनशी किंवा कोरियाशी स्पर्धा करू लागेल, हा भ्रम बाळगू नये. एकीकडे गुंतागुंतीला किंमत आहे, दुसरीकडे दिवसांना.

पुन्हा त्याच वळणावर

माझगाव डॉकचे समभाग २०२० मध्ये १४५ रुपयांना बाजारात आले आणि नंतर अनेक पटींनी वाढले. परदेशातील कित्येक मराठी गुंतवणूकदारांच्या खात्यांत ते असतील. बाजार मागण्यांच्या एकूण रकमेकडे पाहतो. ती रक्कम भरघोस असतानाही एखाद्या विभागाच्या हाताला काम नसू शकते, हे ताळेबंदात उमटत नाही.

पाणबुड्यांच्या पुढच्या प्रकल्पाची, म्हणजे पाण्याखाली अधिक काळ राहू शकणाऱ्या सहा पाणबुड्यांची, निविदा जुलै २०२१ मध्ये निघाली. तेव्हाचा अंदाज ४०,००० कोटी रुपयांहून अधिक होता. माझगाव आणि जर्मनीची टीकेएमएस यांचा प्रस्ताव पुढे गेला, आणि त्यांच्याशी किमतीच्या वाटाघाटी सुरू झाल्या त्या सप्टेंबर २०२५ मध्ये. टीकेएमएस ही कीलच्या त्याच गोदीची आजची मालक, जिच्याशी १९८१ मध्ये करार झाला होता. आणखी तीन 'स्कॉर्पिन' घेण्यास संरक्षण खरेदी परिषदेने जुलै २०२३ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली होती; तिचा करार 'वाघशीर' हवाली होईपर्यंत झाला नव्हता. नव्या प्रकल्पावर सही झाल्यावरही पहिली पाणबुडी मिळायला सात वर्षे धरलेली आहेत, आणि कवचाचे खरे जोडकाम सुरू होण्यापूर्वी आराखडा, साहित्य आणि प्रशिक्षण यांतच त्यातली सुरुवातीची वर्षे जातील.

मधल्या काळात हात चालू ठेवणारी दोन कामे गोदीकडे आहेत. एक 'शंकुश'च्या मोठ्या दुरुस्तीचे, २,७२५ कोटी रुपयांचे, जून २०२३ मध्ये मिळालेले. दुसरे डिसेंबर २०२४ च्या अखेरीस झालेले, सुमारे १,९९० कोटींचे. यात डीआरडीओने विकसित केलेली, हवेविना ऊर्जा देणारी प्रणाली ज्यात बसते असा कवचाचा एक नवा तुकडा माझगावने बांधायचा आहे. पुढे 'कलवरी' वर्गाची पाणबुडी मोठ्या दुरुस्तीला येईल तेव्हा तिचे कवच मधोमध कापून हा तुकडा आत बसवला जाईल आणि दोन्ही बाजूंनी पुन्हा जोडला जाईल. तोवर हे जोड घालू शकणाऱ्या वेल्डरांची प्रमाणपत्रे दर सहा महिन्यांनी ताजी करत राहावी लागतील.